खाचेकडे बघून बोला

आमच्या दुकानात दुरुस्त झालेला फोन नुसते पैसे देऊन परत मिळायचा नाही. पैसे द्यायचेच, पण त्याच्या आधी मत द्यायचं.

"बोला, फोनच्या कपाळावर खाच असावी की नसावी?"

काका फोन वर धरून विचारायचे आणि उत्तर येईपर्यंत हात खाली यायचा नाही. गिऱ्हाईक घाईत असो, रिक्षा बाहेर मीटर चालू ठेवून उभी असो. एकदा शाळेतल्या एक बाई आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "मला ह्या विषयावर काही मत नाही हो."

"मग उद्या या. घरी बसून विचार करा."

बाई चिडून गेल्या, पण दुसऱ्या दिवशी पानभर लिहूनच घेऊन आल्या. खाच असावी, आणि का असावी त्याची सहा कारणं. काकांनी ते पान लॅमिनेट करून भिंतीला लावलं. बाईंचं अक्षर इतकं सुंदर की मी दोन महिने ते दुकानाचं लायसन समजत होतो. वाचून बघावं हे डोक्यातच आलं नाही.

आता खाच म्हणजे काय ते सांगतो. पुढचा कॅमेरा बसवायला स्क्रीनच्या वरच्या कडेला जी काळी जागा सोडलेली असते ती. कंपनीवाले नॉच म्हणतात. कुणाच्या फोनला रुंद पट्टी असते, कुणाला थेंब, कुणाला नुसतं भोक. काकांना तिन्ही चालायची. अट एकच, कॅमेरा डोळ्याला दिसला पाहिजे. "जो आपल्याकडे बघतो, तो आपल्याला दिसायला नको?" हे त्यांचं वाक्य दिवसातून दहा वेळा तरी कानावर पडायचं. खाच लपवायला सेटिंगमध्ये काळी पट्टी मारतात ना, तसला फोन आला की काका आधी ती पट्टी काढायचे आणि मग बिघाड विचारायचे.

दुकान अंधेरीला, मरोळच्या बाजूला. गाळा इतका चिंचोळा की एकानं जांभई दिली तर दुसऱ्यानं बाहेर जायचं. पुढे काउंटर, तिथं मोबाईल. मागे निळा पडदा, स्टूल आणि छत्रीवाला दिवा, कारण काका मूळचे फोटोवाले. अर्ध्या मरोळचे पासपोर्ट फोटो त्यांनी काढलेले. मग लोकांच्या हातात फोन आले, स्टुडिओला कोणी येईना, तेव्हा पन्नाशी ओलांडलेल्या ह्या माणसानं क्लासला जाऊन मोबाईल रिपेअरिंग शिकलं. वीस-वीस वर्षांच्या पोरांबरोबर बाकावर बसून. "ज्यानं माझा धंदा खाल्ला त्याचं पोट उघडून बघायचं होतं," असं सांगायचे.

मी तिथं कामाला कसा लागलो? फोटो काढायलाच गेलो होतो. सहा वेळा क्लिक केलं, सहाही फोटोंत माझे डोळे मिटलेले. काकांनी सहाही फोटो टेबलावर मांडले, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "झिला, तुला कॅमेऱ्याकडे बघता येत नाही. स्क्रूकडे तरी बघता येईल काय?" माझं शिक्षण सातवीपर्यंत, म्हणजे सातवीच्या दारापर्यंत. आत कोणी घेतलं नाही. इंग्रजी मी आकारावरून ओळखतो. तेव्हा स्क्रूकडे बघायचं काम मिळतंय म्हटल्यावर मी दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला हजर. काका दहाला आले.

आणि ह्या दुकानात मी विरोधी पक्ष झालो. माझं म्हणणं, स्क्रीन पूर्ण पाहिजे. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत. मी मॅच बघणारा माणूस. फोन आडवा धरला की खाच बरोबर एका बाजूच्या मैदानात. मिडविकेटचा फिल्डर दोन वर्षं माझ्या फोनच्या खाचेतच राहायला होता. कॅच कोणी घेतला ते मला दुसऱ्या दिवशी पेपर बघून कळायचं.

"तुला फिल्डर दिसत नाही ह्याचं दुःख आहे," काका म्हणायचे, "पण समोरच्या माणसाला तू दिसत नाहीस, त्याचं काय?"

"मला बघून कोणाचं काय भलं होणार काका?"

"ते खरं आहे. पण माणसाला तेवढी संधी दिली पाहिजे."

काका व्हिडिओ कॉलवर बोलायला लागले की समोरच्याच्या चेहऱ्याकडे ढुंकून बघायचे नाहीत. सरळ खाचेत बघायचे. त्यामुळे समोरच्याला वाटायचं, हा माणूस आपल्या आतपर्यंत बघतोय. गावचा त्यांचा भाऊ जमिनीच्या वाटणीवरून भांडायला फोन करायचा आणि दोन मिनिटांत "बरा मरे, तुझा म्हणणा बरोबर" म्हणून फोन ठेवायचा. काका आम्हाला सांगायचे, "लोक खाली चेहऱ्याकडे बघून बोलतात. समोरच्याला वाटतं, हा माझ्या बनियनशी बोलतोय. खाचेकडे बघून बोला, खाचेकडे!"

मी ऐकलं नाही आणि त्याची शिक्षा मला लग्न जमवताना मिळाली.

माझ्यासाठी मुलगी बघायची होती. मुलगी चिपळूणची, मी गोवंडीचा, म्हणून पहिलं बघणं व्हिडिओ कॉलवर ठरलं. मुलीच्या बाजूनं तिची आत्या, मामा, सगळे फोनभोवती. मी मुलीकडे बघत बसलो. आता स्क्रीनवर मुलगी खाली होती आणि कॅमेरा वर. म्हणजे तिकडून सगळ्यांना दिसलं काय, की मुलगा सारखा खाली बघतोय. अर्धा तास. निरोप आला, आत्या म्हणते मुलाची नजर बरी नाही.

काकांना सांगितलं तर ते इतके हसले की हातातला चिमटा खाली पडला. मग म्हणाले, "पुढच्या वेळी काय करशील?"

"खाचेकडे बघीन."

पुढच्या वेळी मुलगी रत्नागिरीची होती. मी पहिल्या मिनिटापासून शेवटच्या मिनिटापर्यंत खाचेत बघत बसलो. नजर हलवली नाही. निरोप आला, मुलगा फार सभ्य आहे, डोळ्यात डोळे घालून बोलतो. लग्न ठरलं. मुलगी मी साखरपुड्यालाच पहिल्यांदा बघितली. बायको आजही मधूनच विचारते, "पहिल्या कॉलला मी कुठल्या रंगाची साडी नेसले होते?" मी तिला खरं सांगितलेलं नाही. दर वेळी वेगळा रंग सांगतो. एक दिवस बरोबर येईल.

तर अशा ह्या दुकानात एके दिवशी दुपारी दोघी आल्या. आई आणि मुलगी. आई पंचेचाळिशीची, कुठल्याशा हॉस्पिटलात आया, घाटकोपरला राहणारी. मुलगी बावीस-तेवीसची. मुलीनं पिशवीतून फोन काढून काउंटरवर ठेवला. स्क्रीनचा पार चुरा. मी म्हटलं, "काय ताई, कुठे पडला?" ती माझ्या ओठांकडे बघत राहिली आणि तिनं आईकडे वळून हातानं काहीतरी विचारलं.

"तिला ऐकू येत नाही दादा," आई म्हणाली. "आमची खुणांची भाषा आहे. हा तिच्या भावाचा फोन, त्यानं सेकंडहॅंड घेतलेला. काल तिच्या हातातून जिन्यात पडला. उद्यापर्यंत पाहिजे. उद्या अकराला तिची मुलाखत आहे, फोनवरच. सीप्झच्या बाजूला एक दागिन्यांची कंपनी आहे, खडे तपासायचं काम. मोठा साहेब सुरतेला बसतो, तो व्हिडिओवर घेणार. दोन ठिकाणी आधी नाही म्हणाले. म्हणे फोनवर बोलता येत नाही, मग काम कसं सांगायचं? ह्यांनी पहिल्यांदाच खुणा जाणणारी एक बाई बसवली आहे साहेबाच्या शेजारी. माझ्याकडे तर बटनाचा फोन. ह्या वेळी गेलं ना दादा, तर ती परत कुठे अर्ज करणार नाही. सांगून ठेवलंय तिनं मला."

मुलगी आईच्या तोंडाकडे बघत होती. आई काय सांगतेय ते तिला बरोबर कळलं असणार, कारण तिनं आईच्या दंडाला एक चिमटा काढला.

काकांनी फोन उचलला. उलटा केला, सुलटा केला. कपाळावर बोट फिरवलं. खाच नाही. थेंब नाही. भोक नाही. चुरा झालेली, पण सगळी सलग स्क्रीन.

"कॅमेरा कुठाय?"

"आतमध्ये आहे म्हणतो तिचा भाऊ," आई म्हणाली. "काचेच्या खाली. दिसत नाही."

मला जो आनंद झाला! इतकी वर्षं ज्या फोनवरून भांडलो तो साक्षात समोर. मी म्हटलं, "बघा काका! कॅमेरा आहे पण नाही. देवासारखा."

"देव सेल्फी काढत नाही," काका म्हणाले. त्यांनी फोन असा ठेवला जसं कोणाचं पाकीट चुकून हातात आलंय. मग आईला सरळ सांगितलं, "माझा हात ह्या मॉडेलवर बसलेला नाही. कंपनीच्या सेंटरला द्या."

"तिथं आठ दिवस सांगितले."

"मी करतो," मी म्हटलं.

कोणी विचारलं नव्हतं. पण मला काकांना दाखवायचं होतं. उद्या ह्याच फोनवर पोरगी मुलाखत देणार, नोकरी घेणार आणि आमचा खटला कायमचा निकालात. काकांनी फोन माझ्याकडे सरकवला. मग म्हणाले, "कर. पण चिकटवण्याआधी मला दाखव."

बाजारातून ओरिजिनल डिस्प्ले मागवला, संध्याकाळी आला. काका तेव्हा चहा प्यायला गेले होते. मी जुना चुरा काढला, साफ केलं, नवीन डिस्प्ले नुसता जोडून बघितला. हा आमच्या दुकानाचा नियम, आधी चालवून बघायचं, मग गोंद. टच चालला. आवाज चालला. पुढचा कॅमेराही चालला. त्यात मी असा दिसत होतो, जसा माणूस आंघोळीनंतर वाफेच्या आरशात दिसतो. म्हटलं, काचेवर प्लास्टिक आहे म्हणून असेल. काकांना बोलवायचं होतं, पण मनात आलं, सगळं फिट करून, चकचकीत पुसून एकदम समोर ठेवू. तोंड बघण्यासारखं होईल.

आणि गोंद लावायला डिस्प्ले उलटा केला तेव्हा मला दिसलं. मागच्या काळ्या फोमला वरच्या बाजूला तुरीच्या डाळीएवढं भोक.

मी म्हटलं, च्यायला, डिफेक्टिव्ह पीस. फोम फाटलाय. इथून धूळ जाणार, उजेड जाणार. परत पाठवायला वेळ नाही. दुसरा कोणी असता तर त्यानं तसाच चिकटवून दिला असता. पण मी प्रामाणिक माणूस. मी काळी टेप घेतली, ब्लेडनं गोल तुकडा कापला, अगदी मापात, आणि त्या भोकावर बसवला. नखानं कडा दाबल्या. इतकं सफाईचं काम मी जन्मात केलेलं नाही. कंपनीला जमलं नाही ते आपण केलं म्हणून एकटाच हसलो पण. मग गोंद, मग क्लिपा, मग घरी.

सकाळी सव्वादहाला दोघी आल्या. पोरीनं इस्त्रीचा ड्रेस घातला होता, केस घट्ट बांधलेले. मी फोन पुढे केला. तिनं स्क्रीनवरून हात फिरवला, हसली, माझ्याकडे बघून मान हलवली. काका लांबून बघत होते. मी त्यांना भुवया उडवून दाखवल्या.

तिनं पुढचा कॅमेरा चालू केला. काळोख.

बंद केला, परत चालू केला. काळोख.

"थांबा ताई," मी म्हटलं, "आतला कॅमेरा आहे ना, बाहेर यायला त्याला जरा वेळ लागतो."

आईनं तिला खुणेनं सांगितलं. पोरीनं माझ्याकडे जे बघितलं ते कळायला खुणांची भाषा येण्याची गरज नव्हती.

काका उठून आले. फोन हातात घेतला. "काल चालत होता?"

"चालत होता काका. बघूनच चिकटवला."

"मधे काय केलंस?"

"काही नाही. फोमला मागून एक भोक होतं, ते बुजवलं. टेप लावून."

काकांनी चष्मा काढला. शर्टाला पुसला, परत घातला. मग अगदी हळू म्हणाले, "मेल्या, ती त्याची खिडकी होती."

मला तेव्हा कळलं. कॅमेरा काचेच्या खाली, मग त्याला काचेतून बाहेर बघायला फोममध्ये जागा सोडलेली असणारच. खाचवाल्या फोनमध्ये ही चूक माझ्याकडूनपण झाली नसती. तिथं डोळा समोर दिसतो. इथं दिसत नव्हता, म्हणून मी त्याला आतून पट्टी बांधली होती. इतकी मापात, की उजेडाचा एक कण जाऊ नये.

"आत्ता उघडतो," मी हीटर ओढला.

"हात लावू नको. गोंद अर्धवट सुकलाय. घाईत काच तडकली तर फोनपण गेला आणि मुलाखतपण." घड्याळात दहा पंचवीस झाले होते. आई पोरीला समजावत होती आणि पोरगी मान हलवत नाही नाही म्हणत होती. तिनं पिशवी खांद्याला लावली. निघालीच होती.

काकांनी खिशातून स्वतःचा फोन काढला. रुंद पट्टीच्या खाचेचा, मागून तडा गेलेला. हा फोन त्यांनी मला कधी वेळ बघायलासुद्धा दिला नव्हता. तो त्यांनी पोरीच्या हातात ठेवला आणि काउंटरची फळी वर उचलून आत यायला जागा केली.

पुढची पंचवीस मिनिटं मी जो माणूस बघितला तो मोबाईलवाला नव्हता. निळा पडदा ओढला. छत्रीवाला दिवा पुसून लावला. स्टूल मागे, पुढे, परत मागे. फोन चार्जरच्या दोन खोक्यांवर टेकवला. "हनुवटी किंचित खाली," म्हणाले, आणि मग लक्षात आलं तसं स्वतःच्या हनुवटीला बोट लावून दाखवलं. फोन आणखी दोन वीत मागे सरकवला, कारण तिचे हात कोपरापर्यंत दिसायला हवे होते. हा विचार मला सात जन्मांत आला नसता. कंपनीनं पाठवलेली लिंक, आईच्या भाषेत "ती निळी ओळ", ती भावाच्या फोनवरून काकांच्या फोनवर घेतली. मग मला माझा फोन घेऊन बाहेर रस्त्यावर उभं केलं, की कॉल लावून बघ, बोटं नीट दिसतात का.

दिसत होती. एकेक नख दिसत होतं. तिनं माझ्याकडे बघून भराभर काहीतरी खुणा केल्या.

"काय म्हणतेय?" मी विचारलं.

आतून आईचा आवाज आला, "म्हणतेय, ह्या दादांना मुलाखत होईपर्यंत बाहेरच ठेवा."

अकरा वाजले. मी बाहेरच होतो, तेव्हा म्हटलं निदान उपयोगी पडू. समोर भंगारवाला ओरडत आला, त्याला गप्प केला. "आत इंटरव्ह्यू चाललाय." रिक्षावाल्याला हॉर्न वाजवू दिला नाही. शेजारच्या वेल्डिंगवाल्याच्या पाया पडून मशीन बंद करायला लावलं. टेम्पोतून पत्रे उतरवत होते, त्यांना म्हटलं, भावांनो, एकेक पत्रा बाळ झोपवल्यासारखा ठेवा. त्यांनी ठेवला पण. सगळा रस्ता चिडीचूप. मी मधोमध ट्रॅफिक हवालदारासारखा तोंडावर बोट ठेवून उभा.

आई बाहेर आली. "दादा, तुम्ही कोणाला गप्प करताय?"

"इंटरव्ह्यू आहे ना मावशी."

"अहो, तिला ऐकू येत नाही. आणि ती तिकडची बाई हात बघून सांगतेय. इथं बॅन्ड लावलात तरी चालेल."

वेल्डिंगवाल्यानं माझ्याकडे बघत मशीन चालू केलं. त्या ठिणग्या मला उद्देशून होत्या.

मी दारातून आत डोकावलो. पोरीचे हात असे चालले होते की बघत राहावं. काका फोनच्या मागे उभे होते आणि सारखं बोट वर करून दाखवत होते, वर बघ, खाचेकडे बघ. पोरगी मात्र खाली स्क्रीनकडेच बघत होती. तेवढ्यात तिकडच्या साहेबानं कॅमेऱ्यासमोर दोन खडे धरले. बहुतेक खोट कुठल्या खड्यात आहे ते ओळखायचं होतं. नेमकं त्याच वेळी काकांना राहवलं नाही. त्यांनी हात लांब करून बोट थेट खाचेपाशी नेलं, म्हणजे पंजानं निम्मी स्क्रीन झाकली. इकडे बघ!

पोरीनं काकांचं मनगट पकडलं. ठामपणे बाजूला केलं. साहेबाला एका हातानं थांबा अशी खूण केली, वाकून खडे बघितले, आणि डावीकडच्या खड्याकडे बोट दाखवलं.

मग ती काकांकडे वळली. स्वतःच्या डोळ्यांकडे बोट केलं, मग कानाकडे, मग स्क्रीनवरच्या त्या बाईच्या हातांकडे. आईनं सांगायची गरजच पडली नाही. ती डोळ्यांनी ऐकत होती. वर खाचेत बघितलं असतं तर तिला प्रश्नच ऐकू आला नसता.

काका भिंतीला टेकून उभे राहिले. मुलाखत संपेपर्यंत त्यांनी दोन्ही हात पाठीमागे ठेवले होते.

निकाल आठ दिवसांनी कळवतो म्हणाले. दोघी गेल्या. दुपारी काकांनी मला समोर बसवलं आणि माझ्याच हातानं तो डिस्प्ले उघडायला लावला. तासभर लागला. टेप काढली, डाग पुसला. संध्याकाळी पोरगी फोन न्यायला आली तेव्हा टेप कशी लावली, नखानं कडा कशा दाबल्या, ते त्यांनी मला तिच्यासमोर करून दाखवायला लावलं आणि मग तो कॅमेरा तिच्याकडून तपासून घेतला. ट्यूबलाइटमध्ये बोटं पुसट, दारात उन्हाकडे तोंड करून बरी. मी म्हटलं, "काका, जाऊ द्या ना. तुम्ही जिंकलात."

"टेप लावलेल्या कॅमेऱ्याला हरवून कसलं जिंकणं? खोटा पुरावा मी घेत नाही."

त्या दिवशी कोणाही गिऱ्हाइकाला मत विचारलं नाही. मला काळजी वाटली. शटर ओढायच्या आधी म्हणाले, "झिला, आपण दोघंही गाढव."

"मी आहेच काका. तुम्ही का?"

"ती कुठे बघत होती?"

"त्या बाईच्या हातांकडे."

"बघणारच. माणूस माणसाकडेच बघणार. मी तीस वर्षं, आधी स्टुडिओत, मग फोनवर, लोकांना सांगतोय, माणूस सोडा आणि काचेकडे बघा. चूक माणसाची नाही, डोळा चुकीच्या जागी बसवलाय. तो कपाळावर कशाला पाहिजे? स्क्रीनच्या मधोमध पाहिजे, समोरच्याचा चेहरा असतो तिथंच. म्हणजे त्याच्याकडे बघितलं की आपोआप त्याच्याच डोळ्यात बघितलं. आणि मधोमध खाच मारता येत नाही. म्हणजे कॅमेरा काचेच्या खालीच घालायला लागणार."

"म्हणजे तुम्ही माझ्या पार्टीत आलात?"

"तुझी पार्टी मॅच बघायची. माझी वेगळी. उद्यापासून खाचेची बाजू तू घे. कोणीतरी घ्यायलाच पाहिजे."

आणि खरंच दुसऱ्या दिवसापासून मी खाचेच्या बाजूनं भांडायला लागलो. काय करणार, पगार त्यांचा. मुद्दे मला पाठच होते, इतकी वर्षं ऐकून. माझेच मुद्दे काका माझ्या अंगावर टाकायचे आणि दर वेळी जिंकायचे. तेव्हा कळलं की माझे मुद्दे चांगले होते, फक्त ते मी मांडत होतो हा प्रॉब्लेम होता.

आता काका गावी असतात, कणकवलीच्या पुढे. दुकान मी चालवतो. मत विचारत नाही, मला ते शोभत नाही. पण काका माणूस कसे, असं कोणी विचारलं तर मी एकच दिवस सांगतो.

मुलाखतीला पंधरा दिवस झाले असतील. आई आणि पोरगी दुकानात आल्या. पोरीच्या गळ्यात कंपनीचं कार्ड. तिनं ते दोन बोटांत धरून आधी काकांच्या नाकासमोर नाचवलं, मग माझ्या. काका उगाच काउंटर पुसत राहिले, पुसलेलाच.

मग तिनं काहीतरी सांगितलं आणि आई हसायला लागली.

"काय म्हणतेय?"

"आमच्यात प्रत्येक माणसाला एक खूण असते. तेच त्याचं नाव. ओळखीच्या माणसालाच देतात. ती म्हणतेय, तिनं तुम्हाला दोघांना नावं दिली आहेत. ऑफिसातल्या मुलींना तुमच्याबद्दल सांगायला लागतं ना."

पोरीनं काकांकडे बघितलं, एक बोट ताठ वर केलं आणि कपाळापाशी दोनदा टोचलं. वर बघ, वर बघ! काका ओरडले, "अगो, मी आता त्या पार्टीत नाही! तिका सांगा, मी बदललंय!"

आईनं सांगितलं. पोरीनं मान हलवली.

"ती म्हणते, नाव एकदा पडलं की पडलं."

"आणि माझं?" मी विचारलं.

तिनं माझ्याकडे बघितलं आणि तळहात सपकन एका डोळ्यावर ठेवला. आणि वरून दुसऱ्या हाताच्या नखानं कडा दाबल्या. अगदी मी दाबल्या होत्या तशा.

तिच्या कंपनीत आता ऐकू न येणाऱ्या सहा मुली आहेत. सगळ्या फोन माझ्याकडेच आणतात. सुट्टी झाली की घोळक्यानं येतात, काउंटरपाशी उभ्या राहतात आणि सगळ्या एकदम एका डोळ्यावर हात ठेवतात. नवीन गिऱ्हाईक घाबरून बघत राहतं, की ह्या पोरींच्या डोळ्यांना काय झालं.

मी माझ्या डोळ्यावर हात ठेवतो आणि म्हणतो, बोला, मीच तो.